बाबांसाठी बटणांचा फोन: एकाच घरात साडेचार तारे आणि एक तारा

आधी निकाल सांगतो, मग खटला. २,१९९ रुपयांचा हा बटणांचा ४जी फोन माझ्या वडिलांसाठी पाचपैकी साडेचार ताऱ्यांचा आहे आणि आईसाठी एका ताऱ्याचा, तोही टॉर्चसाठी. बायको तीन देते. बेंगळूरची लेक म्हणते, असल्या वस्तूला तारे देत बसणं हाच वेळेचा अपव्यय. चौघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ते कसं, हे सांगायला थोडी लांबड लावावी लागेल.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानात काउंटरवर असे पाच फोन मांडले होते. पाच डबे वेगवेगळे, आतला माल जवळजवळ सारखा: छोटा पडदा, डोक्यावर टॉर्च, पाठीवर लाल बटण, निघणारी बॅटरी. तेव्हा नाव बघून घ्यायची ही वस्तू नव्हे, बटण दाबून घ्यायची आहे. मी उद्यमबागेत लेथ चालवतो. दाबलेलं बटण किती खाली जातं, वर येताना अडकतं का, कडेला दाबलं तर तिरकं होतं का, हे न सांगता बघतोच. पाचातले दोन फोन तिथंच बाद झाले.

बाबा ७८ वर्षांचे. घर वडगावात. आधी हातमाग, मग यंत्रमाग. शहापुरी साड्या विणण्यात त्यांचा उभा जन्म गेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलंय, दिसतं चांगलं, कानही शाबूत. त्यांचा जुना फोन २जीचा होता. लेकीनं घरातले सगळे नंबर एकाच कंपनीकडं नेले, आणि त्या कंपनीकडं २जी नाही. नवं सिम घातल्यावर जुना फोन मुका झाला. मग लेकीनंच बेंगळूरहून एक स्मार्टफोन पाठवला. त्यात ‘सोपा मोड’ म्हणून एक सोय होती: पडद्यावर सहा मोठे चौकोन, मोठी अक्षरं, बाकी पसारा गायब. तिनं सुट्टीत येऊन सगळं लावूनही दिलं.

बाबांनी तो फोन हातात घेतला, दोन्ही अंगठ्यांनी पुसला आणि विचारलं, “ह्याच्यात बोट कुठं ठेवायचं? काच सगळीकडं सारखीच की.” चार दिवसांनी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात गेला.

घरातलं निदान ठरलेलं: वय झालं. पुण्याचा भाऊ म्हणाला, “बाबांना शिकायचंच नाही.” मला ते पटत नव्हतं. ज्या माणसाला नात्यातले, गल्लीतले, बाजारातले मिळून पन्नासेक नंबर पाठ आहेत, त्याच्या डोक्याला गंज चढलाय असं कसं म्हणायचं? आमच्या घरात बाकी कुणाला एकमेकांचे नंबरही पाठ नाहीत. लेकीला तर स्वतःच्या आईचा नंबर येत नाही.

मग एकदा सहज बाबांना म्हटलं, रबकवीच्या सूतवाल्याचा नंबर सांगा. बाबा गप्प. तोंडातनं एक आकडा येईना. थोड्या वेळानं त्यांनी उजवी मूठ गुडघ्यावर ठेवली, अंगठा हलवायला लागले, वर, खाली, कडेला, परत मध्ये, आणि अंगठ्याच्या मागनं एकेक आकडा तोंडातनं बाहेर आला. दहाच्या दहा. मी लावून बघितला, सूतवाल्याच्या मुलानं उचलला.

म्हणजे नंबर बाबांच्या अंगठ्यात आहे. माग चालवलेल्या माणसाच्या बाबतीत यात नवल काही नाही. धोटा कधी फेकायचा, पावडी कधी दाबायची, कुठला धागा ढिला पडलाय, हे ते विचार करून ठरवत नव्हते, हातपाय ठरवत होते. अशा अंगठ्याला ठरलेली जागा लागते. काचेवर जागा नसते, चित्र असतं. शिवाय स्मार्टफोनमध्ये आकडे कायम समोर नसतात. आधी हिरव्या चौकोनाला हात लावा, मग आकडे वर येणार, फोन लागला की गायब, आणि पलीकडून “मराठीसाठी अमुक दाबा” म्हणालं की ते परत शोधा. बाबांच्या दृष्टीनं ही रोज रात्री माग उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवण्यासारखी गोष्ट.

हे डोक्यात ठेवून दुकानात गेलो. बाबांना बरोबर घेऊनच.

दुकानाबद्दल इथंच बोलतो, कारण या खरेदीतला सगळ्यात शहाणा प्रश्न मी नाही, काउंटरवरच्या पोरानं विचारला. एका गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, माल आणून टाकणाऱ्याशी हिंदीत आणि आमच्याशी मराठीत, असं त्याचं एकाच वेळी चाललं होतं. बाबांकडं बघून म्हणाला, “आज्जा, तुम्ही नंबर बघून लावता, नाव काढून लावता, का पाठ हाय?” बाबा म्हणाले, “पाठच की.” पोरानं लगेच फोन बंद करून, बॅटरी काढून, पाचही हँडसेट बाबांच्या पुढं ठेवले आणि सांगितलं, वर बघून दाबा. बाबा छताकडं बघत एकेक फोन दाबत बसले. गर्दीच्या वेळी असं करू देणारं दुकान मी दुसरं बघितलं नाही.

बाबांनी निवडलेला फोन दिसायला सगळ्यात ओबडधोबड. पण बटणं सुटी-सुटी, मध्ये अंतर ठेवून बसवलेली, आणि ५ वरचा ठिपका नखाला स्पष्ट लागतो. उरलेल्या तीन फोनांत एकाचा ठिपका नुसता छापलेला होता. म्हणजे न बघता दाबणाऱ्या ज्या माणसासाठी ठिपका असतो त्यालाच त्याचा उपयोग नाही!

ही १-२-३ वर आणि ० खाली अशी मांडणी आभाळातनं पडलेली नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेनं १९५० च्या दशकात माणसं बसवून वेगवेगळ्या मांडण्या दाबून बघायला लावल्या, काही गोल, काही आडव्या ओळींच्या. चुका किती होतात, वेळ किती लागतो, लोकांना काय आवडतं, हे सगळं मोजलं. तो अभ्यास १९६० साली छापून आला आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये बटणांचा फोन तिथल्या गिऱ्हाइकांच्या घरात पोचला. कॅल्क्युलेटर मात्र उलट्या वाटेनं गेला, त्याच्यावर ७-८-९ वर असतात. आमच्या वर्कशॉपात बाबा कधी येऊन बसले आणि हिशेबाला कॅल्क्युलेटर घेतला की हमखास चुकतात. आम्ही हसायचो. आता कळतंय, त्यांचा अंगठा फोनच्या वाटेनं जातोय.

आता फोनच्या गुणांवरून जरा बाजूला जातो, कारण तारे साडेचार आणि एक असे का पडले याचं उत्तर फोनमध्ये नाही, आमच्या स्वयंपाकघरात आहे.

अंगठ्याची गोष्ट मी लेकीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, अहो बाबा, यावर फार जुनं काम झालंय. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज माणसानं १८८० मध्ये लोकांना विचारलं होतं: आज सकाळी न्याहारीला बसलात ते टेबल डोळ्यांपुढं आणा. चित्र स्पष्ट आहे का, रंग दिसतात का, सगळं एकदम दिसतं का तुकड्यांत? त्याला वाटलं होतं, सगळे साधारण सारखंच सांगतील. निघालं भलतंच. काहींना ताटातल्या पदार्थाचा रंगसुद्धा दिसत होता, आणि त्याच्या ओळखीचे मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणाले, असलं चित्र-बित्र काही नसतं, ही नुसती बोलायची रीत आहे. ज्यांना मनात चित्र अजिबात येत नाही त्यांच्या या अवस्थेला नाव मिळायला मात्र २०१५ साल उजाडलं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या अ‍ॅडम झीमन या मेंदूच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला ‘अफँटेझिया’ म्हटलं. शंभरात एक ते चार माणसं अशी असावीत असा अंदाज आहे. हा काही आजार नव्हे. ती माणसं शिकतात, कमावतात, संसार करतात, आणि निम्म्या आयुष्यापर्यंत त्यांना पत्ताच नसतो की दुसऱ्याच्या डोक्यात सिनेमा चालतो.

मी म्हटलं, बघूया. दुसऱ्या दिवशी उप्पीट होतं. खाऊन झाल्यावर ताटं उचलली आणि सगळ्यांना डोळे मिटायला लावले. लेक फोनवर.

आई पहिली. तिला विचारायचा अवकाश, सुरूच झाली. उप्पिटावरचं खोबरं, माझ्या कपाचा उडालेला टवका, बाबांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण, खिडकीतलं ऊन कुठवर आलं होतं ते. “सगळं दिसूलालंय की. त्यात काय विचारायचं?” बायकोला चित्र दिसलं नाही, यादी आली: उप्पीट, शेव, लिंबू, तीन चहा, एक बिनसाखरेचा. मला दिसलं, पण वरनं, ड्रॉइंगसारखं, रेघांत. ताट फिरव म्हटलं तर फिरवता येतं, रंग मात्र नाही. लेक म्हणाली, “मला काहीच नाही. नुसता अंधार.” थोडा वेळ थांबून म्हणाली, “आज्जीला खरंच दिसतं?” आणि बाबा म्हणाले, “दिसत काय नाही गा. पण हात जातोय तांब्याकडं.”

पाच जणं, एकाच ओट्यावरचं उप्पीट खाल्लेली, एकाच रक्ताची किंवा एकाच घरात मुरलेली. ही घरगुती पाहणी आहे, शास्त्र नव्हे, हे मान्य. तरी त्यानंतर मी घरात कोण फोनमध्ये काय कसं शोधतं, ते बघायला लागलो.

माझ्या बहिणीचं सासर चंदगड तालुक्यात. तिला फोन लावायचा झाला तर आई चेहरा शोधते. तिला वाचायला येत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीत खालीवर जाऊन फोटोवर बोट ठेवते. बायको नावाचं पहिलं अक्षर टाकते, आणि नाव जोडून ठेवलेलं असतं ‘वन्सं चंदगड घर’, ‘वन्सं चंदगड मोबाइल’ असं शिस्तीत. मी लावलेल्या कॉलच्या यादीत जातो, वरनं तिसरी किंवा चौथी असणार हे मला जागेवरनं आठवतं. लेक फोनला तोंडानं सांगते. बाबांचा अंगठा तोवर अर्ध्या नंबरावर पोचलेला असतो.

आईच्या पद्धतीत एकच घोळ. बेळगावात शिवजयंती पारंपरिक पद्धतीनं वैशाखात होते, मग चित्ररथांची मिरवणूक. त्या आठवड्यात आमच्या सगळ्या भाच्या-पुतण्यांच्या डीपीवर महाराज येतात. आई फोन घेऊन माझ्यापुढं येऊन उभी, “सगळे महाराजच की रे. ह्यातला आपला कुठला?” भलत्याच पुतण्याला तिनं अर्धा तास मुंजीचं निमंत्रण दिलं, त्यानंही ऐकून घेतलं. मग मी तिच्या फोनच्या पहिल्या पडद्यावर आम्ही काढलेल्या फोटोंचे थेट कॉलचे चौकोन लावून दिले. ते समोरच्याच्या मनावर बदलत नाहीत. नऊ चेहरे. तिचं जग तेवढ्यात मावतं, आणि जे मावत नाही ते ती बोलून पाठवते. बहिणीला जाणारे तिचे आवाजी निरोप ऐकण्यासारखे असतात, मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच “थांब, दूध बघतो.”

तर अशा बाईला हा बटणांचा फोन दिला तर काय होणार? यात नावाबरोबर फोटो लावता येतो, पण तो तिकिटाएवढा, आणि तोही फोन आल्यावर दिसतो, लावताना नाही. आईनं पाच मिनिटं हाताळून परत दिला. “ह्यात माणसं कुठं हायत?” एक तारा.

बायकोचे तीन तारे मलाही अनपेक्षित होते. तिला यातली नावांची यादी आवडली. एकाखाली एक, अक्षरवार, मध्ये दुसरं काही नाही, जाहिरात नाही, “हे बघा” म्हणून उडी मारणारं काही नाही. ही बाई दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला, हेस्कॉमचं विजेचं बिल कधी भरलं, सगळं कालनिर्णयाच्या चौकोनात लिहिणारी. मी तिला फोनमधलं कॅलेंडर वापर म्हणून सांगून थकलो. तिचं म्हणणं, भिंतीवरचं येता-जाता दिसतं, फोनमधलं उघडावं लागतं, आणि उघडायचं लक्षात असतं तर लिहून कशाला ठेवलं असतं? याला माझ्याकडं उत्तर नाही.

आता बटणांच्या फोनची खोड. सगळ्यात मोठी म्हणजे स्पीड डायल. बटण जरा वेळ दाबून धरलं की ठरवलेल्या नंबराला फोन जातो. बाबांचा अंगठा काही वेळा रेंगाळतो, पुढचा आकडा हातात यायला क्षण लागतो, आणि तेवढ्यात २ दाबलेलाच राहिला की माझ्या बायकोला फोन. ती भाजी चिरत असते, बाबा शेजारच्याच खोलीत असतात. “मामा, काय पाहिजे?” “मला कुठं काय पाहिजे?” असं बरेचदा झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं. बंद करायची जागा इतकी खोल लपवून ठेवलीय की बनवणाऱ्याला हे कुणी बंद करेल असं वाटलंच नसावं. म्हाताऱ्यांसाठी म्हणून विकायच्या फोनमध्ये ही सोय आधीपासून चालू ठेवणं मला तरी कळलं नाही.

दुसरी, पाठीवरचं लाल बटण. दाबून धरलं की भोंगा वाजतो आणि घातलेल्या पाच नंबरांना एकेक करून फोन जातो. कल्पना उत्तम. पण दुकानातल्या त्या शहाण्या पोरानं शेवटी ९९ रुपयांचं गळ्यात अडकवायचं पाऊचही गळ्यात मारलंच, आणि ते इतकं घट्ट की बसता-उठता लाल बटण दाबलं जातं. विठ्ठल मंदिरात हरिपाठ चाललेला, बाबा मांडी घालायला वाकले आणि भोंगा सुरू. टाळ थांबले. मी लेथवर, फोन ऐकू आला नाही. पुढचा नंबर पुण्याच्या भावाचा. त्यानं घाबरून शेजाऱ्यांना फोन केला, शेजारी धावत मंदिरात, तिथं बाबा फोन कानापासून लांब धरून बसलेले, तो बंद कसा करायचा ते कुणालाच माहीत नाही. अर्धा तारा तिथं गेला. आता पाऊच कपाटात आहे आणि फोन सदऱ्याच्या खिशात.

तिसरी गोष्ट बोलणाऱ्या बटणांची. दाबलेला आकडा फोन मोठ्यानं म्हणतो, हिंदीत किंवा इंग्रजीत, मराठीत नाही. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला बरं. बाबांना एकदम त्रास झाला. त्यांचा अंगठा पुढं, फोनचा आवाज दोन आकडे मागं, आणि मागनं येणारा आवाज ऐकून अंगठा चुकायला लागला. बंद केलं. पण आमच्या गल्लीतले एक गृहस्थ आहेत, ज्यांची नजर साखरेमुळं फार अधू झालीय. त्यांनी हा आवाज ऐकला आणि तसाच फोन मागवून घेतला. ते आकडे ऐकून लक्षात ठेवणारे.

ऐकण्यावरनं आठवलं. दहा आकडी नंबर प्रत्येकजण आपल्या-आपल्या जागी तोडतो. माझा नंबर मी पाच-पाच म्हणतो. कुरिअरवाला तोच तीन-तीन-चार म्हणून वाचून दाखवतो आणि “बरोबर ना?” विचारतो, तेव्हा मला माझाच नंबर ओळखू येत नाही. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये मांडलं होतं की माणूस एका वेळी साधारण सातएक गोष्टी डोक्यात धरू शकतो, आणि जास्त असल्या तर त्यांचे गठ्ठे बांधतो. गठ्ठा सुटला की सगळंच सुटतं. बाबांना हा त्रास नाही. त्यांच्याकडं गठ्ठे नाहीत, वाट आहे.

बाकी किरकोळ. बॅटरी तीन-चार दिवस जाते. आवाज मोठा आणि स्वच्छ, मागाच्या खडखडाटात कान घालवलेल्यांनाही पुरेल. मराठी मेसेज दिसतो, पण जोडाक्षरं फुटतात. कन्नड मेसेज आला तर नुसते चौकोन. आमच्याकडं सरकारी मेसेज बहुतेक कन्नडमध्येच येतात, त्यामुळं ही उणीव मोठी; तरी बाबा तसंही मेसेज वाचत नाहीत, बायकोच्या हातात देतात. एफएम लागतो, वायर न जोडताही. पण सांगली आणि पणजी केंद्रं मध्यम लहरींवरची, ती यात कशी येणार? बाबांनी दोन दिवस बटण फिरवून बघितलं आणि जुना रेडिओ परत उशाशी घेतला.

सीमेवरच्या लोकांसाठी: बहिणीकडं जाताना हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची गेलं की पुढं शिनोळीला महाराष्ट्र लागतो आणि पडद्यावर रोमिंगचं ‘आर’ येतं. बाबा आधी त्या ‘आर’ला घाबरून फोनच उचलत नव्हते, पूर्वी रोमिंगला पैसे पडायचे ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आता देशात त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. फोन व्यवस्थित लागतो, तुटत नाही.

पैशाचं. साध्या फोनवरनं यूपीआय करायची सोय रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये सुरू केली, आणि या फोनमध्ये ती आहे. आम्ही चालू केलेली नाही. भाऊ म्हणतो, करून टाक, बाबांना दहा-वीस रुपयांसाठी सुट्टे शोधायला नकोत. मी म्हणतो, नको. बाबा पैसे मोजून देणारे आहेत; नोट बोटांत फिरवली नाही तर खर्च झाला असं त्यांना वाटतच नाही. आणि दुसरं, ते फोनवर कुणीही आदरानं बोललं की सगळं सांगून टाकतात. बटणांच्या फोनवर लिंक उघडत नाही म्हणून तो सुरक्षित, असं दुकानदार सांगतात. ते अर्धंच खरं. ओटीपी याच फोनवर येतो आणि भामटा तो तोंडानंच मागतो. म्हणून फोनच्या पाठीवर मी कागद चिकटवून १९३० लिहून ठेवलंय, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. बाबांना तो कागद लागत नाही, अंगठ्यात गेलाय. कागद आमच्यासाठी.

सगळ्यात जास्त वाद झाला तो ग्रुपवरनं. घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, भाऊ, वहिनी, लेक, बहीण, आम्ही. साखरपुड्याच्या तारखा, औषधांचे फोटो, कुणाचा पाय मुरगळला, सगळं तिथं. भावाचं म्हणणं, या फोनमुळं बाबा ग्रुपच्या बाहेर राहतात, घरातलं त्यांना शेवटी कळतं. म्हणणं खोटं नाही. पुण्याच्या नातवाचा निकाल बाबांना दुसऱ्या दिवशी कळला आणि ते रुसले होते.

पण बाबांचं स्वतःचं एक चाललेलं असतं. संध्याकाळी दिवा लागला की ओट्यावर बसून ते फोन लावतात, ठरलेल्या क्रमानं: आधी माझी बहीण, मग खानापूरचे माझे मामा, मग भाऊ, मग लेक. दोन-दोन मिनिटं. “जेवलास? पाऊस हाय काय? ठेवतो.” लेक आधी वैतागायची, मीटिंगमध्ये असते, आज्जाला मेसेज करायला सांगा म्हणायची. आता तिनं त्या वेळचा गजर लावून ठेवलाय आणि मीटिंग असली की तीच आधी फोन करते. तेव्हा बाबा गोंधळतात. क्रम मोडला की मामांना लावायचं राहून जातं, आणि मामांचा रात्री नऊला मला फोन, “आज भावजींचं काय झालं?” ही मात्र फोनची खोड नव्हे.

घेणाऱ्यांना एवढंच सांगेन. ज्याच्यासाठी घ्यायचाय त्याला दुकानात न्या. फोन बंद करून, न बघता दाबायला लावा. ५ वरचा ठिपका नखानं तपासा. स्पीड डायल कुठनं बंद होतो, ते पैसे द्यायच्या आधी दुकानदाराकडनंच करवून घ्या. बॅटरी सुटी मिळते का ते विचारा. आमच्या फोनची बाजारात सहज मिळते. पाऊच घेऊ नका.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर भावानं विचारलं, सासऱ्यांना हाच घेऊ का? मी विचारलं, ते नंबर कसे लावतात? तर म्हणे डायरीत बघून, आणि डायरी असते सासूबाईंच्या कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला. त्याला म्हटलं, हा नको घेऊ. पडद्यावर आकडे मोठे दिसणारा बघ, आणि डायरीची एक झेरॉक्स काढून आण.